पाखरांवर रोखलेली बंदूक

१८८२ साल नुकतेच उजाडले होते. नेपल्सजवळ पोसिलिपोच्या समुद्रकाठी पन्नाशी उलटलेला एक फ्रेंच डॉक्टर बंदूक घेऊन फिरत असे. पाखरू डोक्यावरून गेले की तो बंदूक खांद्याला लावी, नेम धरी, चाप ओढी. बार होत नसे, धूर निघत नसे, पाखराचे पीसही झडत नसे. डॉक्टर समाधानाने बंदूक खाली घेई आणि पुढच्या पाखराची वाट पाहत उभा राही. आसपासच्या लोकांनी त्याला खुळ्यात काढले होते, अशी आख्यायिका आहे.

त्या डॉक्टरचे नाव एतियेन-ज्यूल मारे. त्याच्या बंदुकीच्या नळीत भिंग होते. नळीच्या मागे, जिथे एरवी गोळी भरायची तिथे, एक गोल डबा. डब्यात घड्याळाची यंत्रणा आणि काचेची एक चकती. चाप ओढला की चकती टप्प्याटप्प्याने फिरे. क्षणभर थांबे, उजेड घेई, पुढे सरके, पुन्हा थांबे. एका सेकंदात अशी बारा चित्रे उमटत आणि प्रत्येक चित्राला उजेड मिळे तो सेकंदाचा ७२० वा भाग. चकती धुऊन काढली की तिच्या काठाने गोलाकार बारा पाखरे दिसत. पाखरू एकच, पंख मात्र बारा तऱ्हांचे.

चालत्या गोष्टीचे सारखे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा निवांत पाहायचा आणि वाटले तर सगळे पुन्हा जोडून ती गोष्ट चालती करायची, एवढीच ही करामत. पुढच्या साठ वर्षांत ती चित्रकारांच्या स्टुडिओत शिरली, कारखान्यात शिरली, सिनेमाच्या तंबूत शिरली आणि लढाऊ विमानाच्या पंखातही जाऊन बसली.

सुरुवात मात्र घोड्यापासून झाली. घोडा चौखूर उधळला, असे आपण सहज म्हणून जातो. पण भरधाव घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, आणि सुटत असतील तर नेमके कधी? माणूस हजारो वर्षे घोड्यावर बसला, घोड्यावरून लढला, तरी याचे उत्तर कुणी छातीठोकपणे देऊ शकत नव्हते. ती चाल डोळ्याच्या चिमटीत सापडतच नाही. चित्रकारांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे फेकलेले, पोट जमिनीला समांतर. इंग्लंडमधल्या शर्यतींच्या चित्रांत घोडे असेच धावतात आणि आपल्याकडच्या लघुचित्रांतही बऱ्याचदा असेच.

मारेने या प्रश्नाला आधी कॅमेऱ्याविना हात घातला. तो मूळचा नाडीचा माणूस. १८६० मध्ये त्याने मनगटावर बांधायचे एक यंत्र बनवले होते. नाडीच्या ठोक्याबरोबर एक बारीक पाते हले आणि काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढी. तीच तऱ्हा त्याने घोड्याला लावली. खुरांखाली रबराचे फुगे, त्यांतून निघालेल्या नळ्या आणि स्वाराच्या हातात नोंद करणारे यंत्र. खूर टेकला की फुगा दबे आणि कागदावर खूण उमटे. त्या खुणांवरून १८७३ च्या आपल्या पुस्तकात मारेने सांगून टाकले की भरधाव घोडा काही क्षण पूर्णपणे हवेत असतो. पण खुणा म्हणजे चित्र नव्हे. लोकांना घोडा पाहायचा होता.

तो दाखवला कॅलिफोर्नियातल्या एका रेल्वे-सम्राटाच्या पैशाने. लीलँड स्टॅनफर्ड हा त्या राज्याचा माजी गव्हर्नर आणि सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष. १० मे १८६९ रोजी अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणाऱ्या लोहमार्गात शेवटचा सोन्याचा खिळा ठोकला गेला, त्या समारंभातली मुख्य असामी हीच. लोखंडी वेगावर गबर झालेल्या या गृहस्थाला जिवंत वेगाचा शौक होता आणि पालो आल्टोला त्याची शर्यतीच्या घोड्यांची पागा होती. चार खुरांच्या प्रश्नावर त्याने पंचवीस हजार डॉलरची पैज लावल्याची गोष्ट पुढे पसरली. तिला आधार नाही. पैसा मात्र त्याने खरोखरच ओतला आणि काम सोपवले एडवर्ड मायब्रिज या इंग्रज छायाचित्रकाराकडे. बायकोच्या प्रियकराला १८७४ मध्ये गोळी घालून ठार केलेला आणि ज्यूरीने निर्दोष सोडलेला असा हा माणूस.

जून १८७८ मध्ये मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे मांडले, आधी बारा आणि पुढे चोवीस. पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडा धावत आला की छातीने एकेक दोरा तुटे आणि एकेक कॅमेऱ्याचा पडदा विजेच्या झटक्याने उघडून मिटे. चित्रे धुऊन निघाली तेव्हा चार खूर हवेत होते, हे खरेच. पण ते चित्रकारांनी रंगवलेल्या क्षणी नव्हते. पाय पुढे-मागे ताणलेले असताना घोड्याचा एखादा खूर जमिनीवर असतोच. तो हवेत असतो ते चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि तेव्हा तो अजिबात ऐटबाज दिसत नाही.

डिसेंबर १८७८ मध्ये ही चित्रे पॅरिसच्या ‘ला नात्यूर’मध्ये छापून आली. मारेने ताबडतोब संपादकाला पत्र धाडले. घोडा धावपट्टी सोडत नाही, पाखराला मात्र दोरे बांधता येत नाहीत. तेव्हा खांद्याला लावता येईल अशी छायाचित्रांची बंदूकच हवी. खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण टिपायला जपानला गेला होता, तेव्हा त्याने फिरत्या चकतीचे ‘छायाचित्र-रिव्हॉल्व्हर’ नेले होते. रिव्हॉल्व्हरची बंदूक व्हायला मग वेळ लागला नाही.

बंदूक तयार झाली त्याच वर्षी, १८८२ मध्ये, पॅरिसच्या ब्वा द बूलोन्यमध्ये सरकार आणि नगरपालिका यांच्या मदतीने मारेचे संशोधन केंद्र उभे राहिले. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला धूळ चारली होती. फ्रेंच शरीर कमकुवत झाले, फ्रेंच सैनिक चालण्यात कमी पडला, अशी बोच होती. सैनिक किती पावले, कोणत्या लयीत, पाठीवर किती ओझे घेऊन न थकता चालेल, हा आता प्रयोगशाळेचा विषय झाला. काळ्याभोर आडोशापुढून माणसे चालत. अंगात डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख, हातापायांच्या हाडांच्या रेषेवर चकाकत्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके. एकाच काचेवर ठरावीक अंतराने उजेड पडत राही. हाती येणाऱ्या चित्रात चेहरा नसे, कपडे नसत, माणूसच नसे. फक्त पांढऱ्या रेघांचा एक पंखा उलगडत गेलेला दिसे.

दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, लंडनमध्ये हायरम मॅक्झिम या अमेरिकन माणसाने दुसरी एक बंदूक पूर्ण केली. गोळी सुटली की बंदूक मागे धक्का देते, हे प्रत्येक शिपायाच्या खांद्याला ठाऊक होते. मॅक्झिमने तो वाया जाणारा धक्काच कामाला लावला. त्याच्या जोरावर रिकामे पुंगळे बाहेर पडे, नवे काडतूस आत येई आणि पुन्हा बार होई. काडतुसे कापडी पट्ट्यात ओवलेली, पट्टा एका बाजूने आत सरकणारा, नळीभोवती थंडाव्यासाठी पाणी. मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्या, म्हणजे सेकंदाला दहा. मारेच्या बंदुकीत सेकंदाला बारा चित्रे. दोघांनी एकमेकांची नक्कल केलेली नव्हती, पण थांबायचे, सरकायचे, पुन्हा थांबायचे ही चाल दोन्ही यंत्रांच्या पोटात एकच होती. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमदुरमानला तोफा आणि मॅक्झिम गन घेतलेल्या इंग्रज-इजिप्शियन फौजेने अर्ध्या दिवसात सुमारे दहा हजार माणसे मारली. तिच्या बाजूचे पन्नासही मेले नाहीत.

चित्रकारांच्या गोटात वेगळीच पळापळ झाली. नेपोलियनच्या लढाया रंगवणारा एर्नेस्त मेसोनिए हा घोड्यांचा सर्वांत काटेकोर चित्रकार. घोड्याची चाल जवळून कळावी म्हणून त्याने आपल्या बागेत छोटे रूळ टाकून घेतले होते. बाजूने घोडा दौडे आणि रुळांवरच्या गाडीत बसून मेसोनिए त्याचे पाय न्याहाळत राही. इतके करूनही आपण चुकलो, हे मायब्रिजच्या चित्रांनी त्याला दाखवले. नोव्हेंबर १८८१ मध्ये त्याने मायब्रिजला घरी बोलावून पॅरिसच्या नामवंतांपुढे ती चित्रे दाखवली आणि पुढे फ्रीडलँडच्या लढाईचे आपले गाजलेले चित्र जलरंगात नव्याने करताना घोड्यांच्या पायांत दुरुस्त्या केल्या. शिल्पकार रोदँने मात्र हार मानली नाही. त्याचे म्हणणे असे, की छायाचित्र काळाला थांबवते आणि काळ तर कधी थांबत नाही. तेव्हा खोटे बोलतो तो कॅमेरा. जेरिकोच्या चित्रातले ते अशक्य पाय ताणून धावणारे घोडेच खरे, कारण ते धावताना वाटतात.

पुढच्या पिढीने हा वाद बाजूला ठेवला आणि तुकड्यांचेच चित्र केले. १९१२ मध्ये इटलीत जाकोमो बाल्लाने साखळीला बांधलेला एक कुत्रा रंगवला. कुत्र्याला वीसेक पाय, शेपटीचा पंखा झालेला आणि मालकिणीची पावले एकमेकांवर पसरलेली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मार्सेल द्युशाँने जिना उतरणारी नग्न आकृती रंगवली. तीत देह कमी आणि उतरणेच जास्त. न्यूयॉर्कला १९१३ च्या प्रदर्शनात या चित्राची मनसोक्त टवाळी झाली. मारेच्या चित्रांचे ऋण द्युशाँने पुढे मोकळेपणी मान्य केले.

बाल्लाच्या मित्रमंडळीला, म्हणजे फ्युचरिस्टांना, वेग नुसता रंगवायचा नव्हता, त्याची पूजा बांधायची होती. २० फेब्रुवारी १९०९ रोजी त्यांचा पुढारी मारिनेत्ती याने पॅरिसच्या ‘ल फिगारो’त पहिल्या पानावर जाहीरनामा छापला. शर्यतीची मोटार त्याला प्राचीन ग्रीक मूर्तीहून सुंदर वाटत होती आणि युद्ध म्हणजे जगाची साफसफाई. पाच वर्षांनी ते युद्ध आले, आणि आले तेही घाईने. जुलै १९१४ मध्ये ऑस्ट्रियाने सर्बियाला उत्तरासाठी ४८ तास दिले, जर्मनीने रशियाला बारा. तारायंत्रे आणि आगगाड्यांची वेळापत्रके यांनी राजदूतांना श्वास घ्यायलाही सवड ठेवली नाही.

पण रणांगणावर पोचलेला वेग तिथेच रुतला. मिनिटाला सहाशे गोळ्यांपुढे माणूस धावू शकत नाही, तो जमीन खणून आत बसतो. फ्रान्समध्ये चार वर्षे खंदक जवळजवळ जागचे हलले नाहीत. मेसोपोटेमियात १९१५ च्या उन्हाळ्यात पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीवरून शत्रूचा पाठलाग करत धडाक्याने वर सरकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. पण पुरवठा त्या गतीने मागून येईना. हीच फौज डिसेंबरमध्ये कूत येथे कोंडली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने तिला शरण जावे लागले. वेगाचे पुजारी मारिनेत्ती आणि बोच्चोनी १९१५ मध्ये लढायला गेले ते स्वयंसेवकांच्या सायकल पथकातून. उंबेर्तो बोच्चोनीचा पुढे झेपावणाऱ्या मानवाकृतीचा पुतळा आज इटलीच्या वीस सेंटच्या नाण्यावर आहे. वेगाचे असे मूर्त रूप घडवणारा हा शिल्पकार ऑगस्ट १९१६ मध्ये व्हेरोनाजवळ सरावाच्या वेळी पडून मेला. तो मोटारीतून पडला नव्हता, विमानातूनही नाही. तो घोड्यावरून पडला होता.

मारे आणि मायब्रिज दोघेही १८३० मध्ये जन्मले आणि दोघेही १९०४ च्या मे महिन्यात गेले, त्यामुळे यातले काहीच त्यांना पाहावे लागले नाही. त्यांची हत्यारे मात्र आघाडीवर होती. ल्युसियाँ बुल हा मारेचा साहाय्यक. त्याच्या नोंदयंत्राने शत्रूची लपलेली तोफ हुडकून काढता येऊ लागली. खंदकांमागे एका रांगेत ध्वनिग्राहक ठेवायचे. तोफ धडाडली की तिचा आवाज प्रत्येक ग्राहकाशी वेगळ्या क्षणी पोचतो. सरकत्या फिल्मवर त्या क्षणांच्या खुणा उमटतात आणि सेकंदाच्या शतांशांच्या फरकावरून तोफेची जागा नकाशावर काढता येते. नोबेलविजेता तरुण भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग याने ब्रिटिश सैन्यासाठी हेच यंत्र आघाडीवर नेले. नाडीचा ठोका मोजणाऱ्या रेघेचेच हे पुढचे रूप.

इंग्लंडमध्ये हाइथ येथे विमानातल्या गोलंदाजांची शाळा होती. तिथल्या शिकाऊ जवानांच्या हाती हुबेहूब लुईस मशीनगनसारखे दिसणारे एक यंत्र देत. वजन तेच, मूठ तीच, चापही तोच. चाप ओढला की गोळीऐवजी आत छायाचित्र उमटे. त्यावर छापलेल्या चौकड्यांवरून शिक्षक सांगे, गोळी असती तर लागली असती की नाही. पोसिलिपोची बंदूक पुन्हा बंदूकच झाली होती.

कारखान्यात ही करामत गेली ती फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याच्या हातून. फ्रँक तरुणपणी गवंडीकाम शिकला होता. एक वीट बसवायला गवंडी अठरा हालचाली करतो, त्या साडेचारांवर आणता येतात, असे त्याने दाखवले. विटांचा ढीग कमरेच्या उंचीवर आणा, म्हणजे वाकणे वाचते. पुढे नवराबायकोने कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधले आणि अंधारात हात चालताना उमटणाऱ्या प्रकाशरेघांची छायाचित्रे घेतली. मारेच्या काळ्या पोशाखातला सैनिक आता यंत्रापुढे उभा होता. हायलंड पार्कला हेन्री फोर्डने १९१३ मध्ये सरकता पट्टा सुरू केला, तेव्हा मोटारीचा सांगाडा जुळवायला बारा तासांहून अधिक लागत. काही महिन्यांत ते काम सुमारे दीड तासावर आले. कामगार टिकेनात, म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डला दिवसाची मजुरी पाच डॉलर करावी लागली.

तुकडे पुन्हा जोडून पडद्यावर चालते करण्यात मारेला फारसा रस नव्हता. डोळ्याला जे दिसतेच, ते पुन्हा दाखवून काय मिळणार, असा त्याचा हिशेब. ते काम ल्युमिएर बंधूंनी केले. फिल्म थांबत-थांबत कशी सरकवायची, याचे उत्तर लुई ल्युमिएरला शिवणयंत्रात सापडले. सुई वर असताना कापड पुढे सरकते, सुई खाली आली की थांबते. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये पहिला जाहीर खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात. तिकीट एक रुपया. तो खेळ पाहून भारावलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये मल्लांची कुस्ती चित्रित केली. मारेने पळणारी-उडी मारणारी माणसे टिपली, सावेदादांनी डावपेच टिपले.

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. सोबत कच्ची फिल्म होती, पण तिला कडेची भोके नव्हती. ती घरी पाडावी लागत. भोके सारख्या अंतरावर पडली नाहीत तर पडद्यावर चित्र थरथरते. अंधारात बसून हे काम सरस्वतीबाई करत, स्वयंपाकपाणी आटोपून. भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी जो पहिला नमुना केला, त्यात ना घोडा होता, ना मल्ल, ना आगगाडी. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का केला आणि महिनाभर रोज थोडे-थोडे चित्रण केले. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल चढली. युरोपात डोळ्याला न झेपणारा वेग संथ करून पाहण्याची धडपड चालली होती. दादरच्या घरात डोळ्याला न दिसणारा संथपणा वेगाने पळवून दाखवला गेला. पाहणाऱ्यांनी पैसे दिले आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला.

फाळक्यांनी आणलेला कॅमेरा ‘विल्यमसन’चा होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांत जी ४५ नावाचा एक छोटा कॅमेरा बसवलेला असे, त्यावरही विल्यमसन हेच नाव. वैमानिकाने मशीनगनचे बटण दाबले की गोळ्यांबरोबर त्या कॅमेऱ्यातली १६ मिलिमीटरची फिल्मही सरकू लागे आणि बोट उचलले की थांबे. विमान उतरल्यावर फिल्म धुतली जाई आणि अधिकारी अंधाऱ्या खोलीत ती चौकटीमागून चौकट पाहत: समोरचे विमान आधी ठिपक्याएवढे, मग मुठीएवढे, मग त्याच्या एका पंखातून निघालेली धुराची बारीक रेघ.